बिनठिगळाचा कोट

सगळं जग जुन्याचं नवं करायला धडपडतं. मावशींचं पोट मात्र नव्याचं जुनं करण्यावर चालायचं. सिनेमाच्या कपडेपटात तेवीस वर्षं त्यांचं हेच काम. दुकानातून कोरा कोट आला की तो चहाच्या कडक पाण्यात बुडवायचा, कोपरांवर पॉलिशपेपर घासायचा, कॉलरला तेलाचा हात फिरवायचा, खिशात खडे भरून ओलाच टांगायचा, म्हणजे खिसे ओघळतात. चार दिवसांत कोट दहा वर्षांचा. काम सुरू करण्याआधी सुई कपाळाला टेकवायची, तेवढीच त्यांची पूजा.

शेजारच्या शिलाई मशीनवर त्यांची सूनच बसायची. हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून चपळ. "मला आईंच्या हाती देऊ नका हं," ती सगळ्यांना सांगायची, "चार दिवसांत म्हातारी करून सोडतील."

"तुझी जीभ तेवढी दे माझ्याकडे," मावशी म्हणायच्या, "जरा बोथट करून देते."

या खेपेचा सिनेमा विनोदी होता. रस्त्यावर राहणारा एक माणूस विकाऊ बंगल्याच्या पायरीवर बसलेला असतो. घर बघायला आलेले लोक त्यालाच दलाल समजतात आणि हा पठ्ठ्याही त्यांना घर दाखवत सुटतो. वारा कुठून शिरतो, कुठला कोपरा कोरडा राहतो, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार! मावशींनी गोष्ट ऐकली तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग कोट हातात घेतला आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

कारण त्यांच्या पोटात एक गोष्ट होती, जी त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती. त्या सात वर्षांच्या असताना वडील गेले, पाठोपाठ घर गेलं. आई, धाकटा भाऊ आणि त्या असे तिघे चौदा महिने एका बंद गोदामाच्या ओट्यावर राहिले. पुढे आईला एका शाळेत झाडलोटीचं काम आणि मागची खोली मिळाली. खोलीत पाऊल ठेवतानाच आईने बजावलं होतं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्या घरात पडशील, त्या घरात तर हे बोलूच नकोस."

मावशींनी पंचावन्न वर्षं मूठ झाकून ठेवली. सुनेपुढे तर जास्तच. रस्त्यात असं कुणी बसलेलं दिसलं की सून पर्स दुसऱ्या खांद्यावर घ्यायची. मनाने वाईट नव्हती, सवय होती. पण आपल्याकडेही ती उद्या त्याच नजरेने बघेल, अशी मावशींना धास्ती वाटायची.

कोट तयार झाला. मुख्य काम करणाऱ्या नटाला सगळे काका म्हणत. त्यांनी तो अंगात घातला आणि खांदे आपोआप खाली आले. दिग्दर्शक तरुण होता. त्याने पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"मावशी, ठिगळं कुठायत?"

"नाही लावली."

"विसरलात? अहो, विनोदी सिनेमा आहे! लाल, पिवळी, ही एवढाली ठिगळं हवीत. काका नुसते आले की हशा पिकला पाहिजे."

"ठिगळ घरातल्या माणसाच्या कपड्याला असतं, साहेब," मावशी म्हणाल्या. "रस्त्यावरचा माणूस गाठ मारतो, सुतळी बांधतो, एका फाटक्यावर दुसरं फाटकं घालतो. एकाचं भोक दुसऱ्याने झाकतं."

"का? ठिगळ का नाही लावत?"

"सुई ठेवायची कुठे? आणि ठिगळ लावायला कपडा अंगातून काढावा लागतो. तोवर अंगावर काय घालायचं?"

काका कोटाची बाही चाचपत होते, ते थांबले. दिग्दर्शकाने मान तिरकी केली. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मशीनचा आवाज बंद झाला होता. सून ऐकत होती.

"ऐकलंय कुठेतरी," मावशी म्हणाल्या.

"मग ऐकीव गोष्ट राहू द्या. ठिगळं लावा, दुपारी शॉट आहे." तो दाराकडे वळला.

सुनेने पिवळा तुकडा कापून पुढे केला. मावशींनी सुई कपाळाला टेकवली, पण कोटात काही घालवेना. कुणाची तरी थट्टा करतोय असं नव्हे, तर देवाच्या समोर खोटी साक्ष देतोय असं त्यांना वाटलं. एक खोटं आताच बोलून झालं होतं.

"साहेब," त्यांनी हाक मारली. आवाज जरा मोठाच निघाला. "ऐकलेलं नाही. मी राहिलेय तशी. चौदा महिने."

सुनेकडे बघायचं धाडस मावशींना झालं नाही. त्या काकांच्या कोटाकडे बघूनच बोलत राहिल्या.

"आणि हसायला येत नव्हतं असं समजू नका. संध्याकाळ झाली की आई म्हणायची, 'कडी लाव गं.' दार कुठलं आणि कडी कुठली! पण मी उठायचे, टाचा उंचावून हवेतच कडी लावायचे. भाऊ लगेच ओरडायचा, 'थांब, मी बाहेरच राहिलो!' मग पुन्हा काढायची, त्याला आत घ्यायचं, पुन्हा लावायची. हसून हसून पोट दुखायचं आमचं."

दिग्दर्शक खाली बसला. काकांनी हळूच विचारलं, "मावशी, हे मी सिनेमात करू? तुमची हरकत नसेल तरच."

मावशींनी हातातली सुई खाली ठेवली. "करा. पण घाईत करू नका. लागली की नाही, एकदा ओढून बघायची."

काका पुढे झाले. हवेतली कडी लावली, ओढून पाहिली. कुणीतरी हसलं आणि हसता हसता गप्प झालं.

"कोट असाच राहू दे," दिग्दर्शक म्हणाला. दारात पोचल्यावर पुन्हा वळला, "पोस्टरसाठी मात्र ठिगळांचा एक वेगळा करा हं, मावशी. निर्माते ऐकायचे नाहीत."

"करते की. पोस्टर काय, भिंतीवर राहतं."

सगळे गेले. मावशी उगाच दोरा गुंडाळत बसल्या. शेजारून ना मशीनचा आवाज, ना जिभेचा. आईचं ऐकलं नाही, हात दाखवून अवलक्षण झालं, असं त्यांना वाटायला लागलं.

मग स्टूल सरकलं. सून जवळ येऊन बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून.

"आई, मामा कुठे झोपायचे हो? लहानच असतील ना?"

"चार वर्षांचा. मध्ये झोपायचा, वारा लागू नये म्हणून."

"आणि तुम्ही?"

"मी दाराच्या बाजूला," मावशी म्हणाल्या. "कडी माझ्याकडे होती ना."