साडेएक

दाक्षायणीबाईंचं रुद्राणीकडं पहिल्यांदा लक्ष गेलं ते एका हशामुळं. तिसरीच्या वर्गात त्यांनी विचारलं, "एक आणि अर्धा मिळून किती?" रुद्राणी ताडकन उठून म्हणाली, "साडेएक!" तिच्या घरी कानडी, तिथं अर्ध्याला सगळीकडं एकच नियम. दीड, अडीच हे मराठीचे लाड तिला कुणी सांगितलेच नव्हते. त्या दिवसापासून पोरं तिला 'साडेएक' म्हणू लागली, आणि ती अपूर्णांकांच्या वाटेलाच जाईनाशी झाली.

पुढं बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या शेजारीच आता मोठी झालेली रुद्राणी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहायची. वडिलांचं, गुरुबसप्पांचं अर्धं अंग लुळं पडलेलं. त्यांना सोडून जाणार कुठं? कंपनीनं सांगितलं होतं, कांद्याच्या वजनांचा हिशेब ज्याचा प्रोग्रॅम सगळ्यांत लवकर करील, त्याला घरूनच कायमचं काम. बाकीच्यांनी पुण्याला यावं, नाहीतर सोडावं.

"बाई, ॲरे म्हणजे ओळीनं मांडलेले डबे," तिनं समजावलं होतं. "सगळ्यांत एकाच जातीचा माल असला की कॉम्प्युटर सुसाट सुटतो. एकात जरी निराळं निघालं, की प्रत्येक डबा उघडून बघत बसतो."

"आमच्या हेडमास्तरांसारखा की गं!"

घरी घेतलेल्या चाचणीत तिचा प्रोग्रॅम वाऱ्यासारखा पळाला. अंथरुणातून गुरुबसप्पा म्हणाले, "पेढे आणू काय?"

"आणा की अप्पा. उठा मग!" दोघंही हसली.

खऱ्या चाचणीला गावातल्याच एका आडत दुकानातली वजनं आली. तिथला कारकून पूर्ण क्विंटल आकड्यांत लिहायचा आणि अर्धं आलं की अक्षरांत: दीड, अडीच. रुद्राणीच्या ॲरेत आकडे आणि अक्षरं शेजारी शेजारी बसली. दुसऱ्या एकानं आधीच सगळ्यांचे आकडे करून घेतले होते. काम त्याला गेलं.

"उत्तर चुकलं का गं?" बाईंनी विचारलं.

"नाही. बरोबर आलं. उशिरा आलं."

"पण घरी तर पळत होता?"

"घरी सगळे पूर्ण आकडे घेतले होते, बाई. सवय."

बाईंना तिसरीचा वर्ग आठवला. पुन्हा संधी मागून बघ, असं त्यांना म्हणवेना. ती मागून झाली होती. आत गुरुबसप्पा पाण्यासाठी हाका मारत होते.

रुद्राणी आता त्याच आडत दुकानात रोजंदारीवर वजनं टाइप करते.