गायरानाच्या सभेत

मी वकील आहे, पण कोर्टात उभी राहणारी नाही, हे गावाला समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला. लोणी भापकर मागं टाकून जी वाट माळावर चढते, तिच्या टोकाला आमचं गाव. तिथले बांधाचे आणि वाटणीचे सगळे वाद माझ्याच दारात येतात. "बारामतीत न्हाय तर न्हाय, इंदापूरच्या कोर्टात तरी जात आसशील की," एक आजोबा मला चुचकारून म्हणाले होते. मी कुठंच जात नाही. माझे अशील म्हणजे मोबाइल, कॉम्प्युटर आणि बॅटऱ्या बनवणाऱ्या, नाहीतर जुन्या झाल्यावर त्या गोळा करणाऱ्या कंपन्या. घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचा तर कुणाची परवानगी लागते, यंत्रात शिसं किती चालतं, परदेशातला कायदा बदलला तर काय करायचं, हे मी त्यांना सांगते. बारामतीत चष्म्याच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. दिवसभर पडद्यावर परमुलखातली माणसं आणि संध्याकाळी स्कूटीवरून घरी तात्यांजवळ, असं माझं आयुष्य.

तात्या म्हणजे माझे वडील. आमच्या घरचे लोक पूर्वी मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायचे. आता थोडी ज्वारी, थोडा ऊस आणि तात्यांच्या हट्टापायी राखलेली चार मेंढरं. सकाळी ती गायरानात चरतात आणि खालच्या ओढ्यावर पाणी पितात. त्याच ओढ्याच्या काठाला आमची विहीर आहे.

मागच्या हिवाळ्यात एका जुन्या अशिलानं नव्या कारखान्याचा आराखडा पाठवला. परदेशातले नियम यात पाळले जातात का, एवढंच मी बघायचं होतं. भंगारातल्या कॉम्प्युटरच्या सर्किटच्या पट्ट्या तिथं भरडायच्या आणि ॲसिडनं धुऊन त्यातला धातू काढायचा. नकाशा उघडला तर आमचं गायरान! ॲसिडच्या पाण्याची टाकी बरोबर ओढ्याच्या वरच्या उताराला दाखवलेली होती.

हे पाणी झिरपून ओढ्यात जाईल, जागा बदला, असं मी त्यांना स्पष्ट लिहून दिलं. त्यांनी छान आभार मानले आणि जागा तीच ठेवली. मी काम सोडलं. पण काम सोडलं म्हणून सुटका होत नाही. अशिलानं विश्वासानं सांगितलेलं वकिलानं बाहेर काढायचं नसतं, काम सोडल्यानंतरही नाही. गावाला सांगू का, असं मी कंपनीलाच विचारून पाहिलं. गोड शब्दांत नकार आला. मग पुण्यातल्या माझ्या सीनिअरांकडं गेले. ते म्हणाले, "बोललीस तर सनद घालवून बसशील. आणि उद्या कुठला अशील कुठल्या वकिलाला खरं सांगेल?" हा प्रश्न त्यांनी विचारला नसता तर बरं झालं असतं. कारण तो मलाही पटत होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

गायरान द्यायला गावाची हरकत नाही, असा ठराव करायला ग्रामसभा ठरली. मी जायचंच नाही असं ठरवलं होतं. पण तात्या इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. "आख्खं गाव तुझी वाट बघतंय, आन् तू घरात बसतीस व्हय?"

मारुतीच्या मंडपात सतरंज्या अंथरल्या होत्या. कंपनीचा माणूस पोरांना नोकऱ्या लागतील म्हणून सांगत होता. मला बघून तो क्षणभर अडखळला आणि परत सुरू झाला. त्याचं झाल्यावर सरपंच म्हणाले, "आपली पोरगी ह्यातलीच जाणकार हाय. तिलाच इचारू की."

मी उठले. काय बोलायचं ते मी रस्ताभर घोकलं होतं. "मला या विषयावर बोलता येणार नाही. तुम्ही दुसऱ्या वकिलाला विचारा."

मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, का बोलता येणार नाही? एवढा एक प्रश्न मला हवा होता, म्हणजे सभा आपोआप सावध झाली असती. पण आमच्याकडं पहिल्या हाकेला कुणी बोलत नाही. आधी नको म्हणायचं, मग आग्रह होतो. त्यात मी पोरीची जात आणि समोर बाप बसलेला. सभेला माझं बोलणं नुसती मर्यादा वाटली. "वडीलधाऱ्यांम्होरं तोंड उघडत न्हाय बघा," एक म्हातारे कौतुकानं म्हणाले. "एवढी शिकली, पर रीत न्हाय इसरली."

"आगं, तात्या काय रागावत न्हाईत, बोल," सरपंच हसून म्हणाले.

"खरंच सांगते, मला बोलता येणार नाही. दुसरा वकील बघा."

"घरात वकील आसताना भायेरचा कशाला?" मागून कुणीतरी ओरडलं. "काय भानगड आसती तर घरची पोर गप बसली आसती व्हय?"

सगळ्यांना ते पटलं. ठरावाला भराभर हात वर झाले. तात्यांचा हात पहिल्यांत होता आणि ते माझ्याकडंच बघत होते, अभिमानानं. त्या क्षणी मला त्या सगळ्या सज्जन माणसांचा संताप आला. उठून ओरडावं असं वाटलं. मी सतरंजीचा काठ मुठीत धरून बसून राहिले.

परत येताना तात्या स्कूटीवर माझ्या मागं बसले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझ्या मनात जरा यित हुतं, वढ्याच्या पाण्याचं. उठून इचारणारच हुतो त्या मानसाला. पर तू काय बोलली न्हाईस. म्हटलं, तसं काय नसंल. व्हय ना?"

मी समोरचा खड्डा चुकवला.

"व्हय ना गं?" वाऱ्यात मला ऐकू गेलं नसेल असं वाटून त्यांनी मोठ्यानं विचारलं.

मी गाडीचा वेग वाढवला.