ममताची सही

बातमी आली तेव्हा मी चामोर्शीच्या बाजारात वांगी निवडत होतो. फोन ममताच्या चुलतभावाचा होता. “भाऊ, ममता गेली…” एवढंच तो बोलला, आणि त्याच्या मागे कुणीतरी बाई हंबरडा फोडत होती ते ऐकू आलं. वांगी तराजूत तशीच टाकून मी ऑफिसकडे पळालो. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस भरबाजारातून पळायला लागला म्हटल्यावर लोक बघणारच. ओळखीच्या दोघांनी हटकलंही. मी थांबलो नाही. ऑफिसात शिरलो, कपाटातून अडीअडचणीची किल्ली असलेला पेनड्राइव्ह काढला, कॉम्प्युटरला लावला, गडचिरोलीच्या सर्व्हरमध्ये गेलो आणि ममताची सही बंद केली. मग टेबलावर डोकं ठेवून रडलो.

हा क्रम ज्यांना कळला त्यांतल्या काहींनी मला नावं ठेवली. तिची सही बंद झाली म्हणजे तिने दिलेले सगळे दाखले त्याच क्षणी मेले. सगळ्या केंद्रांची दारं लागली. कुरखेड्याच्या डॉक्टरांनी तर फोनवर सुनावलंच, “अहो, चिता तरी पेटू द्यायची होती पोरीची.” खरं आहे त्यांचं. पण ममता असती तर तिने उलटंच विचारलं असतं… बाजारातून ऑफिसात यायला इतका वेळ का लागला म्हणून.

आमची संस्था चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांमध्ये सिकलसेलची तपासणी करते, तिचं चामोर्शीचं ऑफिस मी सांभाळतो. रक्ताचा हा आजार आईबापांकडून येतो. काहींना तो पुरता होतो. काही जण नुसते वाहक असतात, त्यांना स्वतःला फारसं काही होत नाही, पण दोन वाहकांचं लग्न झालं तर मुलाला होऊ शकतो. म्हणून कोण रुग्ण, कोण वाहक, याची नोंद ठेवावी लागते. आणि ही नोंद बाहेर फुटली तर काय होतं, ते आमच्या भागात राहणाऱ्याला सांगायला नको. एखाद्या मुलीचं नाव त्यात आहे एवढं कळलं की पाहुणे उंबऱ्यावरून परत जातात. तिचं सोडा, तिच्या बहिणीचंही जमत नाही. ममता शाळेत असताना तिच्या गावात असंच एक शिबिर झालं होतं, आणि कुणा शहाण्याने निकाल शाळेच्या पटांगणात नावं घेऊन वाचून दाखवले. ममता रुग्ण निघाली. मोठ्या बहिणीची ठरलेली सोयरीक महिनाभरात मोडली. ममता हे सांगताना कधी रडायची नाही. ती चिडायची. “माझं रक्त, अन् त्याले माइक लावला,” म्हणायची.

सावली तालुक्यातल्या तलावाकाठच्या गावातली ही ढिवराची पोर. बाप तुळशीराम अजूनही मासे धरायला तलावात डोंगा घालतो. शिकली, हैदराबादेत कॉम्प्युटरची चांगली नोकरी केली, आणि सांधेदुखीने बेजार होऊन घरी परतली ती आमच्याकडे आली. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, “भाऊ, सर्व्हरचा पासवर्ड काय आहे?” मी सांगितला. संस्थेचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. सगळ्यांना मिळून तो एकच होता. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला उगाच शर्टाची बटणं तपासावीशी वाटली.

मग तिने घडी बसवली. केंद्रातल्या प्रत्येक माणसाने आपल्या कॉम्प्युटरवर किल्लीची जोडी तयार करायची. एक भाग गुप्त, तो आपल्यापाशीच ठेवायचा, आईलाही दाखवायचा नाही. दुसरा भाग ममताकडे पाठवायचा. तिने त्यावर आपली सही केली की तो झाला दाखला. सर्व्हर माणसाला ओळखायचा नाही, ममताच्या सहीला ओळखायचा. आणि प्रत्येक दाखला आठवड्याभरात आपोआप मरायचा. दर सोमवारी पुन्हा सही. लोक कुरकुरले, मीही कुरकुरलो. “कायमचा देऊन टाक न बाई, तुलाही ताप, आम्हालाही ताप,” मी म्हणालो. तर म्हणाली, “कायमचं कोन आहे भाऊ इथी?”

पण खरी डोकेदुखी होती ती ठशाची. प्रत्येक किल्लीचा एक ठसा असतो, इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक मालगाडी. आलेली किल्ली खरंच त्याच माणसाची आहे की मध्ये कुणी बदलली, हे बघायला ममता नव्या किल्लीच्या वेळी फोन लावायची आणि ठसा वाचायला सांगायची. समोरच्यानेच वाचायचं. ती स्वतः एक अक्षर उच्चारायची नाही. कुरखेड्याच्या सिस्टर एकदा काकुळतीला आल्या, “तुमीच वाचा न ताई, मी हो म्हनतो.” ममता म्हणाली, “म्हणूनच नाई. आपण विचारलं की माणूस हो म्हणते. खरं असन तं त्याच्या तोंडून आलं पायजे.” आणि सिस्टर बिचाऱ्या कॅपिटल के, स्मॉल क्यू, सात, असं वाचत बसल्या.

या हट्टापायी एकदा माझा जीव अगदी टांगणीला लागला होता. कुरखेड्याला एक बाळंतीण आणली होती, सिकलसेलची रुग्ण, रक्त थांबत नव्हतं. तिला आधी कोणतं रक्त चढलं होतं आणि कोणत्या रक्ताने त्रास झाला होता, ते आमच्या नोंदीत होतं. डॉक्टरांनी नवा लॅपटॉप घेतला होता. त्यांनी घाईने किल्ली बनवून पाठवली आणि फोन केला, लगेच सही करा. ममता म्हणाली, वाचा. त्यांनी वाचलं. जुळेना. पुन्हा वाचलं, तरी जुळेना. “बाई इथे मरायला टेकली आहे आणि तुम्ही मला बाराखडी म्हणायला लावताय?” डॉक्टर इतके कडाडले की टेबलाच्या या बाजूला मला स्वच्छ ऐकू आलं. मी म्हणालो, “अगं दे करून, आवाज तर त्यांचाच आहे.” तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरांना म्हणाली, “उपचार थांबणार नाहीत, पण दारही उघडणार नाही.” फोन ठेवला, स्वतः नोंद उघडली, केंद्रातल्या सिस्टरना त्यांच्या नेहमीच्या नंबरवर फोन लावला आणि कोणतं रक्त चालेल, कोणतं नाही, ते सांगितलं. ती बाई वाचली. नंतर कळलं की डॉक्टरांनी किल्ली पाठवली नव्या लॅपटॉपवरून आणि घाईघाईत ठसा वाचत होते जुन्यावरचा. सही केली असती तरी काही बिघडलं नसतं, असं मी म्हणालो. ती म्हणाली, “या वेळी.”

मी तिला शेवटचं पाहिलं ते एका शुक्रवारी. पायांत कळा येत होत्या, गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन काम चाललं होतं. निघताना तिने तो जुना काळा लॅपटॉप पिशवीत घातला. हा इंटरनेटला कधीच जोडलेला नसायचा. तिची सही करायची किल्ली त्यातच होती, आणि ऑफिसचं काही बरंवाईट झालं तर असू द्यावी म्हणून सगळ्या नोंदीची एक कुलूपबंद प्रतसुद्धा. मी म्हणालो, जप. तर म्हणाली, “तुम्ही पोट जपा भाऊ. लॅपटॉप मी जपतो.” शनिवारी ताप चढला, तिला चंद्रपूरला हलवलं आणि रविवारी…

आणि लॅपटॉप गायब झाला.

दवाखान्यातून आलेल्या सामानात पिशवी होती, चार्जर होता, लॅपटॉप नव्हता. सही मी बंद केली होती, म्हणजे त्या किल्लीने आता सर्व्हरचं दार उघडणार नव्हतं. पण ती प्रत? हजारो नावं त्या एका डबड्यात, आणि मध्ये आडवा फक्त ममताचा पासवर्ड. तो ती सोपा ठेवणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी रात्रीची झोप उडाली. मी वॉर्डात जाऊन आया-मावशींना विचारलं, रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला गाठलं, सावली-गडचिरोलीची रिपेअरिंगची दुकानं पालथी घातली. त्यातच चामोर्शीकडच्या एका गावात ठरलेलं लग्न मोडल्याची बातमी कानावर आली. मुलगी आमच्या नोंदीतली, वाहक. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटी आमच्या कार्यकर्तीने सांगितलं की मुलाला नागपुरात नोकरी लागली आणि त्याचं मन फिरलं, आजाराचा काही संबंध नाही. दुसऱ्याच्या घरची सोयरीक मोडल्याचं कारण ऐकून मला हायसं वाटलं. इतकी वाईट अवस्था झाली होती माझी.

तुळशीरामभाऊंकडे मी आधीच जाऊन आलो होतो. घरापुढच्या सपरीत बसून विचारलं, काळा लॅपटॉप पाहिला का? ते जमिनीकडे बघत म्हणाले, “इथी नाई.” तेरवीला पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, “मले नाई माहीत, भाऊ.” पण दोन्ही वेळा बोलून झाल्यावर ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, जणू मी अजून काही बोलणार आहे. माझ्या मनात तर होतंच काहीतरी. पण पोटची पोर गेलेल्या बापाला कोणत्या तोंडाने सांगायचं, की तुमच्या मुलीची सही मी ती गेल्या-गेल्या बंद केली? डॉक्टरांनी जे ऐकवलं होतं ते माझ्या जिव्हारी लागलं होतं. मी चहा प्यायलो आणि उठलो.

आठवडे गेले. शेवटी ठरवलं की आता संस्थेला लेखी कळवायचं, नावं धोक्यात आहेत म्हणून. गावोगाव जाऊन सांगावं लागलं असतं, आणि सांगण्यातूनच निम्मी गोष्ट फुटली असती. पण त्याआधी एकदा तुळशीरामभाऊंना भेटावं असं वाटलं. का, ते नाही सांगता येत. ते जाळं विणत बसले होते. मी शेजारी टेकलो. म्हणालो, “लॅपटॉपचं असू द्या भाऊ. एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. ममता गेल्याचं कळलं आणि मी पहिलं काम केलं ते तिची सही बंद करायचं. आता तिच्या नावाने कुणीच आत जाऊ शकत नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही…”

त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. उठले. स्टुलावर चढून आढ्याला टांगलेलं मोठं जाळं सोडवलं, मांडीवर घेऊन त्याच्या घड्या एकेक करून उलगडल्या. आत धानाच्या पोत्याच्या प्लास्टिकात गुंडाळलेला लॅपटॉप होता. “घे,” म्हणाले.

माझ्या तोंडातून निघालं, “मंग दोनदा विचारलं तवा काऊन नाई देला?”

“पोरीनं शपथ घातली होती दवाखान्यात,” ते म्हणाले. “भाऊनं सही बंद केली, असं त्याच्या तोंडून आयकल्याबिगर कोनाले देजो नको. त्याचं नाव सांगून कोनीबी येईन. भाऊ सोता आला तरी देजो नको.”

“मला विचारायचं तरी, बंद केली का म्हणून.”

“थेच तं करू नको म्हने.” ते जाळ्याच्या घड्या पुन्हा घालू लागले. “विचारलं की मानूस हो म्हनते.”

त्या लॅपटॉपची डिस्क मी डॉक्टरांच्या समोर फोडली. रिकामं खोकं तेवढं ठेवलं आहे, कपाटात पेनड्राइव्हच्या शेजारी. जाळ्यात इतके दिवस राहिल्याने त्याला वाळल्या झिंग्यांचा वास लागला आहे, तो जात नाही. सोमवारी सह्या करायला कपाट उघडलं की आधी तो वास येतो. आता सही माझी आहे. परवा सावलीला नवी मुलगी कामाला लागली, तिला ठसा वाच म्हटलं. ती म्हणाली, सर तुम्हीच वाचा, मी हो म्हणते. मी फोन कानाला धरून गप्प बसून राहिलो, ती वाचायला लागेपर्यंत.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन निघालो तेव्हा तुळशीरामभाऊ फाटकापर्यंत आले. गाडीला किक मारणार तर म्हणाले, “कवा बंद केली म्हनला?”

“बातमी आली तेव्हाच,” मी म्हणालो. “रडायच्याही आधी.”

त्यांनी मान हलवली. “हो,” म्हणाले. “म्हनली होती थे. भाऊ पयले बंद करन, मंग रडन.”