काळे तीळ चालत नाहीत

सुरतेत थंडी ती केवढी? सकाळी थोडा वेळ अंगावर काटा, मग पंखा सुरू. तरी नातीच्या शाळेत हिवाळा शिकवायचा म्हणून पहिलीचा वर्ग आठवडाभर मैदानात बसवला. उन्हात एक पाय आणि सावलीत एक पाय ठेवायचा, नळाखाली हात धरायचा, पळून आल्यावर घाम आला का ते सांगायचं. हे काय शिकणं, असं मला वाटलं. पण पोरगी घरी येऊन तेच सगळं माझ्याकडून करून घ्यायची. आजी दिवाळीआधी गेली, तेव्हापासून ती फार बोलत नव्हती. म्हणून मीही निमूट नळाखाली हात धरला.

शेवटच्या दिवशी पोरं मैदानातच तिळाचे लाडू वळणार होती. कोणी गूळ आणायचा, कोणी दाणे. नातीला तीळ सांगितले. तिने ते त्या सकाळी शाळेला निघताना सांगितलं. सून साड्यांच्या कारखान्यात गेलेली, मुलगा रात्रपाळी करून झोपलेला. स्वयंपाकघरातलं मला काय कळतं? जन्मभर ताट पुढे आलं, जेवलो. डबे धुंडाळले, एकात तीळ सापडले. बायकोच्या दहाव्याला आणलेले, उरलेले. काळे. तीळ ते तीळ, म्हणून पुडी बांधून दिली आणि तिच्यासोबत गेलो.

टीचरने पुडी उघडली, तशी मदतीला आलेल्या एका पोराच्या आईने हात मागे घेतला. हे मेलेल्या माणसाला देतात, असं तिने टीचरच्या कानात सांगितलं. ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. टीचर माझ्याकडे आली. बाकीच्या घरांतून उद्या तक्रार येईल, मुलीने दुसऱ्यांच्या तिळाचे लाडू वळावेत, असं ती हळूच म्हणाली.

"लाडवात पडले तर कोण मरणार आहे?" मी विचारलं.

"मला काही नाही वाटत काका. पण ऐकून मलाच घ्यावं लागतं."

आता हिच्याशी काय भांडायचं? समोरचं माणूस वाईट असलं तर बरं, शिव्या तरी देता येतात.

पोरं हाताला तूप लावून गोल करून बसली. नात बसेना. टीचरने जवळ घेऊन सांगितलं, तरी परत मिळालेली पुडी छातीशी धरून उभी. शेवटी मी तिला फाटकाबाहेर आणलं. दोघं ओट्यावर उन्हात बसलो.

"आबा, आजीचे तीळ खराब आहेत?"

"नाहीत."

"मग खा."

चिमूटभर खाल्ले. तिनेही तोंडात टाकले. भाजलेले नव्हते, कडवट लागले. ती थुंकली आणि रडायला लागली. मी चावत राहिलो. आत कोणाचा लाडू मोठा झाला यावर पोरांची भांडणं चालली होती.

मला बायकोचाच राग आला. पांढरे तीळ कुठे ठेवते, एवढं तरी सांगून जायचं.