पारंपरिक

भाचीच्या हळदीला हॉलच्या स्पीकरवर एक जुनं गाणं लागलं आणि शेजारी बसलेली माझी आत्या बोलणं सोडून ऐकू लागली. ते गाणं तिचंच. थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या हळदीला जात्यावर बसून तिने जुळवलेलं. पुढे कुणा कॅसेटवाल्याने गावातल्या बायकांकडून ते टिपून नेलं आणि गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ असं छापलं. बायकांच्या गाण्यांना आपल्याकडे हेच नाव पडतं.

“गाणी वाजवायचं लायसन्स आहे ना?” मी हॉलच्या मॅनेजरला विचारलं. त्याने भिंतीवरची फ्रेम दाखवली. “सगळं रीतसर आहे, ताई.”

रीतसरच होतं. ज्याचं गाणं त्याला त्याचा हक्क पोचावा म्हणून कायदा आहे, त्यावर सरकारची देखरेख आहे. पण परंपरेचा पत्ता कुणी शोधायचा? परंपरा म्हणजे फार पूर्वी होऊन गेलेलं कुणीतरी, असं आपण धरूनच चालतो. ती इथे बसून हळदीचे हात पदराला पुसत असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही.

“वाईट वाटतं का गं?” मी विचारलं.

“नावाचं काय घेऊन बसलीस. आक्काच्या नावाचं कडवं तेवढं गाळलंय मेल्यांनी.”

आक्का जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आत्या ते कडवं हलक्या आवाजात म्हणू लागली. पुढे बसलेली एक मुलगी मागे वळून हसली.

“आजी, हे नाहीये त्या गाण्यात.”

आत्या थांबली.

“नसेल बाई,” म्हणाली, आणि स्पीकरच्या ठेक्यावर टाळ्या वाजवू लागली.