जुन्या कॉम्प्युटरमधला धवला

टायपिंगचं दुकान बंद केलं आणि तिथला कॉम्प्युटर मी घरी आणला, तेव्हा नवऱ्याने कपाळावर हात मारला. "ह्या डब्याला भंगारवालाबी हात लावायचा न्हाय," म्हणाला. तो न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवतो. ज्याला चाकं नाहीत अशा यंत्राबद्दल त्याला काडीचा आदर नाही. मी म्हटलं, बघच आता, टीव्हीला जोडून घरातल्या घरात थिएटर करते. हट्टाला पेटले की मी कुणाचं ऐकत नाही.

खरं कारण होत्या सासूबाई. त्यांना मी आयच म्हणते. आमच्याकडे लग्नात धवलारीण लागते. ती मांडवात बसून धवले म्हणते, गाण्यातूनच देवांना बोलावते आणि एकेक विधी पुढे नेते. आमच्या आणि आसपासच्या गावांतल्या कितीतरी पोरींची लग्नं आयच्या आवाजात लागली. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. अशात माझ्या लेकीचं लग्न ठरलं, आणि गावात दुसरी धवलारीण नव्हती. नातीच्या मांडवाचा विषय निघाला की आय उठायची आणि ओटीवर सुकट निवडत बसायची. तिची ती वाकलेली पाठ मला बघवायची नाही.

दुकानात मी लग्नाच्या शूटिंगच्या सीड्या कॉपी करून द्यायचे. आयने लावलेलं एखादं तरी लग्न त्या डब्यात राहिलं असेल, एवढीच माझी आशा होती. कॅबिनेट उघडलं. खाऱ्या हवेने स्क्रू गंजले होते, पंख्यावर धुळीची गोधडी बसली होती. सगळं झाडलं, रॅमची पट्टी खोडरबरने घासली, लेकीने फुकटचं हलकं सॉफ्टवेअर बसवून दिलं. निळ्या टोकाची जाड वायर टीव्हीत खुपसली आणि पडदा उजळला. शोधता शोधता खरंच एक लग्न सापडलं. हळदीने माखलेली नवरी, आणि तिच्या शेजारी आय.

"आय, लवकर ये!" मी ओरडलेच.

ती हात पुसत आली. पडद्यावर ती गात होती, पण आवाजच नव्हता. निळी वायर फक्त चित्र नेते, हे मी घाईत पार विसरले होते. ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि घरात चिडीचूप. आयचा हात आपसूक गळ्यावर गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत जाऊन जुने स्पीकर आणले आणि त्यांची वायर डब्याच्या मागच्या हिरव्या भोकात घातली.

आवाज आला. काय सांगू! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भिंतीला टेकून ठेवलेल्या त्या गंजक्या डब्यातून आयचा तो भरदार, थोडा खरखरीत आवाज देवांना हाका मारत होता. अंगणात आलेला नवरा चप्पल घालूनच दारात उभा राहिला. आपल्या आईचा हा आवाज आता परत कधी ऐकू येईल, असं त्याला वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं.

"आजी, हाच लावू मांडवात. मोठ्या स्पीकरवर," लेक म्हणाली. मीही तेच मनात धरून बसले होते.

"बंद कर!" आय कुजबुजली, पण अशी की मी घाबरून बंदच केलं. "ह्या धवल्यात त्या पोरीचं नाव हाय, तिच्या आईबापाचं नाव हाय. एकीचं लगीन दुसरीला लावतंस व्हय?"

इतकी वर्षं या घरात नांदूनही मला ते सुचलं नव्हतं.

आय मात्र आत गेली. मुठीत तांदूळ आणि दिवा घेऊन आली, टीव्हीसमोर पाट मांडला. "देव बोलावलंस. आता त्यांना रिकामं कसं धाडायचं? बस हितं. तूच म्हण."

"मी?" माझा आवाज म्हणजे फाटका भोंगा.

"मंग कोन? मी?"

मी बसले. कॉम्प्युटर एक ओळ म्हणायचा, लेक तो थांबवायची, आय कानाशी सांगायची, मी म्हणायचे. चुकलं की मांडीला चिमटा. लग्नापर्यंत रोज दुपारी हेच चाललं, आणि रोज त्या डब्यातला आवाज सुरू झाला की मला तितकंच नवल वाटायचं.

मांडवात मी धवला धरला. आय मला खेटून बसली होती. माझ्या शब्दाबरोबर तिचे ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. नवरीचं नाव घ्यायची ओळ आली आणि मी अडखळले. तिने माझा हात घट्ट दाबला.

"नाव," ती कुजबुजली. "आपल्या पोरीचं नाव घे."

मी घेतलं.