घोटमामा आणि कलम दोन

मेंढरांच्या आधी स्वतः पाणी पिणारा धनगर मी एकच पाहिला. करमाडच्या पुढच्या एका वाडीतले हे गृहस्थ; सगळे त्यांना घोटमामा म्हणत. कळप पाण्यावर आला की मामा ओंजळीतला घोट तोंडात धरून डोळे मिटत. मेंढरं थांबून राहत. मामांनी गिळलं तर ती पीत. थुंकलं तर सगळी फौज माघारी.

एका दुष्काळात मामा थुंकायलाच लागले. शहर वाढत त्यांच्या शिवाराला भिडलं होतं, आणि एका कारखान्याचं पाणी नाल्यातून वाडीच्या एकुलत्या एक विहिरीत झिरपत होतं. एक दिवस मामा तापानं पडले, मेंढरं न चाखलेलं पाणी प्यायली, अकरा मेली. विहीर सुधारली नाही तर उरलेला कळप विकावा लागणार होता. म्हणून ते शहरात गुलमंडीत, कापडदुकानाच्या माडीवर माझ्याकडे आले. माझी पाटी तेव्हा माझ्या वकिलीपेक्षा बरीच मोठी होती.

मी ऐटीत पर्यावरण कायद्याचं कलम दोन उघडलं आणि व्याख्या समजावल्या. पर्यावरण म्हणजे पाणी, हवा, जमीन आणि त्यांचं माणसांशी, इतर जिवांशी, झाडांशी असलेलं नातं.

"इतर जिवांत मेंढरू आलं का?"

"आलं की."

"मंग नाव का नाय घातलं? बरं, ऱ्हाऊ द्या. पुन्हा वाचा."

तीनदा वाचून घेतलं. मग आलं प्रदूषक: हानी होईल इतक्या प्रमाणात असलेला पदार्थ.

"परमाण तर माझ्या जिभंला कळतंय."

मी हसलो. "मामा, जीभ साक्षीला चालत नाही."

मी तक्रार केली, आणि पाण्याचा नमुना घ्यायला सरकारी साहेब येणार होते. दिवस मी ठरवायचा होता. साहेबांना वाडीवर न्यायचं कसं? माझ्याकडे सायकल. मी अक्कल लढवली. पाण्याचा टँकर तिकडे जातोच, त्याच्याच केबिनमधून आम्ही दोघं गेलो. टँकर नेहमीप्रमाणे विहिरीत रिकामा झाला, हंडे-कळशांची झुंबड ओसरली, आणि मी साहेबांना म्हटलं, चला.

मामांनी घोट घेतला. गिळला. आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

"वकीलसाहेब, आज नगं. हे पाव्हणं पाणी हाय. दोन दिसांत याला बी तीच चव येती, तवा या."

"साहेब पुन्हा येणार नाहीत, मामा. तुम्ही कायद्यात पडू नका."

कारखान्याला नोटीस, बाटलीला सील, कागदावर सह्या, सगळं बिनचूक झालं. फक्त पाणी टँकरचं होतं.

अहवाल आला: हानिकारक प्रमाणात काही आढळलं नाही. तक्रार निकाली. मी सांगायला गेलो तेव्हा मामा चिडले असते तर बरं झालं असतं.

"म्हंजी कायद्यानं पाणी चांगलं?"

"हो."

त्यांनी कळपाकडे बोट केलं. "मंग ह्यांना बी वाचून दाखवा."

कळप विकून ते शहरात मुकुंदवाडीला लेकाच्या खोलीत आले, एका नव्या इमारतीवर वॉचमन झाले. मी भेटायला गेलो की तांब्यातला पहिला घोट स्वतः घेत, थांबत, मग तांब्या माझ्या हातात देत. "प्या. नळाचं हाय." ज्यानं कळप घालवला, त्याच्यासाठीही ते आधी चाखत.

पुढे त्यांचं पोट बिघडलं ते बिघडलंच. त्या दुष्काळात थुंकलेल्या पाण्यातलं किती आत राहिलं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. शेवटच्या दिवशी लेकानं चमच्यानं पाणी घातलं. मामांनी घोट तोंडात धरला, डोळे मिटले. सवयीनं आम्ही सगळे खाटेभोवती थांबून राहिलो.

पाणी ओठांच्या कडेनं उशीवर ओघळलं.